‘व्हेस्ट’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती मुंबईतील एका निर्यातदार पेढीत नोकरीस लागली आहे. पेढी तयार कपडे परदेशी पाठविते. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रे वाचून कारखान्यासाठी मराठी-हिंदीत कामाचा कागद तयार करणे हे तिचे काम. अमेरिकेतील एका व्यापाऱ्याने विणीच्या कापडाचे ‘व्हेस्ट’ मागविले होते. आकृत्या मागाहून येणार होत्या. पण वेळ वाचावा म्हणून वरिष्ठांनी नमुने आधीच करावयास सांगितले. तिने कागदावर ‘बनियन’ असे लिहिले आणि कारखान्याने बिनबाह्यांची उत्तम बनियने शिवली. गिऱ्हाइकास हवी होती जाकिटे, सदऱ्यावर घालावयाची, पुढे गुंड्या असलेली. नमुन्यांचा व टपालाचा खर्च फुकट गेला, तो तिच्या पगारातून वळता झाला, आणि वर ‘इंग्रजी कच्चे आहे’ असा शेरा तिच्या नोंदवहीत पडला.

‘‘सर, माझे खरोखरच चुकले का?’’ असे तिने मला विचारले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे काय, अशी शंका वाचकांना येईल. मलाही ती आली. परंतु शब्दाच्या अर्थापायी जेथे पैसा बुडतो आणि नोकरीवर डाग पडतो, तेथे हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा राहत नाही.

वस्तुस्थिती अशी की, इंग्लंडात ‘व्हेस्ट’ म्हणजे सदऱ्याच्या आत घालावयाचे बनियन. अमेरिकेत ‘व्हेस्ट’ म्हणजे कोटाच्या आत आणि सदऱ्याच्या वर घालावयाचे बिनबाह्यांचे जाकीट. इंग्रज ज्याला ‘वेस्टकोट’ म्हणतो ते. ऑस्ट्रेलियात बनियनाला ‘सिंग्लेट’ म्हणतात आणि ‘व्हेस्ट’चा अर्थ बहुधा अमेरिकेसारखाच. आपल्याकडे बनियनांच्या खोक्यांवर ‘व्हेस्ट’ हाच शब्द छापलेला असतो. तेव्हा त्या मुलीने आपल्या देशातील प्रचलित अर्थ धरला, यात अज्ञान कोठे आले?

मौज याहून पुढे आहे. १६६६ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात एक नवा पोशाख सुरू केला. सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत त्याची नोंद सापडते. पौर्वात्य धर्तीच्या त्या लांब वस्त्राचे नाव ‘व्हेस्ट’ असेच होते. पुढे ते आखूड होत होत आजचे जाकीट झाले. म्हणजे बाहेरच्या वस्त्राचा अर्थ हा इंग्लंडमधलाच जुना अर्थ. अमेरिकेने तो जपून ठेवला आणि इंग्रजांनी मात्र मागाहून तो शब्द आतल्या कपड्यावर नेऊन बसविला. ‘शुद्ध इंग्रजी ते इंग्लंडचे, अमेरिकेचे ते भ्रष्ट’ असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले. या शब्दापुरते तरी गणित नेमके उलटे आहे.

शब्दांच्या या गोंधळातून व्यापाराने काय मार्ग काढला, हे पाहण्याजोगे आहे. जगातील मालाचे वर्गीकरण करणारी एक सामायिक पद्धती १९८३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरली आणि १९८८ च्या जानेवारीपासून अमलात आली. आज दोनशेहून अधिक देश व प्रदेश तिच्याआधारे जकात आकारतात. तीत प्रत्येक मालाला क्रमांक आहे. विणीच्या कापडाचे टी-शर्ट, सिंग्लेट आणि ‘इतर व्हेस्ट’ हे ६१०९ या क्रमांकाखाली येतात. जर्सी, पुलोव्हर, कार्डिगन आणि ‘वेस्टकोट’ हे ६११० खाली. मूळ मसुद्याचे इंग्रजी हे असे इंग्लंडच्या वळणाचे आहे. अमेरिकेने ही पद्धती १९८९ पासून स्वीकारली. पण आपल्या जकातपत्रकात ६१०९ मधून ‘व्हेस्ट’ हा शब्द काढून तेथे ‘टँक टॉप’ घातले आणि ६११० मधील ‘वेस्टकोट’पुढे कंस करून ‘व्हेस्ट’ लिहिले. एकच शब्द, परंतु समुद्र ओलांडताच त्याचा क्रमांक बदलतो! कापडव्यापारावर जेव्हा कोट्यांची बंधने होती (ती २००५ च्या आरंभी संपली), तेव्हा आतले कपडे व बाहेरचे कपडे यांचे वर्ग निराळे असत आणि एका वर्गाचा कोटा भरला की त्या वर्गाचा माल बंदरात अडकून पडे. अशा व्यवहारात शब्दावर विसंबणे परवडणारे नव्हते. म्हणून व्यापाऱ्याने क्रमांक आणला, आकृती आणली, मापे आणली. ज्या पेढीत आकृती येण्यापूर्वी काम सुरू होते, तिने इंग्रजीच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

कायद्यानेही या प्रसंगाचा विचार फार पूर्वी केला आहे. १८७२ च्या आपल्या करार कायद्याचे १३ वे कलम विद्यार्थ्यांना पाठ असते: दोन पक्षांची संमती झाली असे केव्हा म्हणावयाचे, तर एकाच गोष्टीला दोघांनी एकाच अर्थाने मान्यता दिली तर. या तत्त्वामागे एक जुना इंग्रजी खटला सांगतात आणि त्याचा संबंध थेट आपल्या मुंबईशी आहे. मुंबईहून ‘पीअरलेस’ या जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा इंग्लंडात झाला होता. पंचाईत अशी की, ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली होती, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव तेव्हा कमालीचे हेलकावे खात होते. दोन महिन्यांचे अंतर म्हणजे नफा आणि दिवाळे यांतील अंतर होते. १८६४ साली न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. शब्द एक होता, वस्तू दोन होत्या. ‘व्हेस्ट’ची गोष्ट याहून काय निराळी? त्या खटल्यात ‘तुमचे इंग्रजी कच्चे’ असे कोणी कोणास म्हटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

हे सारे त्या मुलीला सांगत असता मला माझ्या आजीच्या ट्रंकेतील ‘झंपर’ आठवला. चोळीहून लांब, सैल बाह्यांचा, पातळावर घालावयाचा. आजीला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. पण हा शब्द इंग्रजी ‘जंपर’चाच. आज इंग्लंडात ‘जंपर’ म्हणजे डोक्यातून घालावयाचा लोकरी स्वेटर. अमेरिकेत ‘जंपर’ म्हणजे ब्लाउजवर घालावयाचा मुलींचा बिनबाह्यांचा झगा. खलाशांच्या गणवेशातील सैल सदऱ्यालाही ‘जंपर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील स्त्रिया घागऱ्यावर जे सैल वस्त्र घालीत, त्यालाही हेच नाव असे. आपला झंपर बहुधा त्याचाच वंशज. अभ्यासकांचे अनुमान असे की, या शब्दाचे मूळ फ्रेंच ‘झ्युप’मध्ये आणि त्याहीमागे अरबी ‘जुब्बा’मध्ये आहे. तोच ‘जुब्बा’ आपल्याकडे फार्सीच्या वाटेने येऊन ‘झब्बा’ झाला. म्हणजे आजोबांच्या अंगावरचा झब्बा आणि आजीच्या अंगावरचा झंपर हे एकाच शब्दाचे दोन अवतार. एक इराणहून खुष्कीने आला, दुसरा विलायतेहून बोटीने.

गंजीफ्रॉकाची कथाही अशीच आहे. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या नावावरून खलाशांच्या जाड लोकरी अंगरख्याला ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत. थंडीवाऱ्यात बाहेरून घालावयाचे ते वस्त्र आपल्या उकाड्यात पातळ होऊन सदऱ्याच्या आत शिरले. ‘बनियन’चा प्रवास याच्या उलट आहे: आपल्या वाण्यांचे नाव त्याला इंग्रजांनी दिले, अठराव्या शतकात विलायतेतील श्रीमंतांनी घरात घालावयाच्या सैल झग्याला ते लावले, आणि आपल्याकडे ते पुन्हा आतल्या कपड्याचे नाव होऊन राहिले.

‘पँट’ या शब्दापायी मी स्वतः वर्गात बाकावर उभा राहिलो आहे. इयत्ता सातवीत इंग्रजी निबंधात मी दिवाळीला नवी पँट घेतल्याचे लिहिले होते. गुरुजींनी वही वर्गापुढे धरली आणि ‘पँट’ हा शब्द सभ्य माणसे वापरीत नाहीत, ‘ट्राउझर्स’ असे लिहावे, असे बजावले. गुरुजी अगदीच चुकीचे नव्हते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी. पण अमेरिकेत ‘पँट्स’ म्हणजे आपली सरळ साधी पँटच, आणि खुद्द इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरकडील लोकही विजारीलाच ‘पँट्स’ म्हणतात. त्या गिरणीवाल्या मुलखातील कामगार माझ्या निबंधाला हसला नसता. मी मात्र पुढे कित्येक वर्षे परक्या माणसाशी इंग्रजीत बोलताना कपड्यांचा विषयच टाळीत आलो.

आपल्या भाषांच्या बाबतीत आपण इतके कठोर नसतो. मराठी माणूस लेंगा घालतो. हिंदी मुलखात ‘लहंगा’ हा बायकांचा घागरा. त्या बाजूच्या पाहुण्यासमोर आपण लेंग्याचे नाव घेतले तर दोघेही पोट धरून हसतात आणि विषय संपतो. लेंगा चूक की लहंगा चूक, असा प्रश्न कोणी परीक्षेत घालीत नाही. इंग्रजीचे नाव निघाले की मात्र शब्दाला एकच अर्थ असतो, तो विलायतेत ठरतो आणि तो ठाऊक नसणे ही लाजेची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक विलायतेतही तो एक नाही.

माझी सूचना फार मोठी नाही. माध्यमिक शाळांच्या इंग्रजी पुस्तकांत शब्दार्थ देताना तो कोणत्या देशात चालतो, हे दोन अक्षरांत छापावे. चांगल्या कोशांत तशा खुणा असतातच. त्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचत नाहीत इतकेच. परीक्षकांनी ‘पँट’ या शब्दाला गुण कापू नयेत. आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना पत्रव्यवहार शिकविताना जुन्या नमुन्यांची पत्रे घोकून घेण्यापेक्षा जकातपत्रकाची चार पाने वाचावयास द्यावीत. तेवढ्यासाठी वेगळा तास लागणार नाही. माझ्या वर्गात मी ती या सत्रापासून देऊ लागलो आहे.

त्या विद्यार्थिनीने ६१०९ आणि ६११० या दोन नोंदींच्या प्रती माझ्याकडून नेल्या आहेत. वजा झालेले पैसे परत मिळावेत आणि शेरा काढून टाकावा, असा अर्ज तिने प्रती जोडून पेढीकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान कामाच्या कागदावर ती कपड्याचे नाव लिहिते, त्यापुढे क्रमांक लिहिते आणि बाजूला पेन्सिलीने एक लहानसे चित्र काढते.