मुखकर्करोग : ऊतींतील खुणा आणि रुग्णाचे भवितव्य

तंबाखू, सुपारी व मद्य यांच्या सेवनाशी निगडित असलेला मुखाचा कर्करोग ही भारतापुढील एक गंभीर आरोग्यसमस्या आहे. २०२२ साली देशात ओठ व मुखपोकळीच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. जिभेच्या कडेला सारख्याच आकाराचा व्रण असलेल्या दोन रुग्णांपैकी एक शस्त्रक्रियेनंतर बरा होऊन कामाला लागतो, तर दुसऱ्याचा रोग वर्षभरातच मानेत पुन्हा डोके वर काढतो. असे का घडते आणि ते आधी ओळखता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या ऊतींतच शोधावे लागते.

निदानासाठी व्रणाचा लहानसा तुकडा काढून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात व पुढे मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप रंगवून विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण अर्बुदाचीही अशीच तपासणी होते. अर्बुद किती खोल गेले आहे, त्याच्या पेशी मज्जातंतूंभोवती पसरल्या आहेत काय, कापलेल्या कडा निरोगी आहेत काय आणि मानेतील लसिका ग्रंथींचे आवरण भेदून रोग बाहेर आला आहे काय, या बाबी पाहिल्या जातात. २०१७ पासूनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खोलीला विशेष स्थान मिळाले असून ५ व १० मिलिमीटर या तिच्या सीमा मानल्या आहेत.

या माहितीवर उपचारांचे मोठे निर्णय अवलंबून असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग प्राथमिक अवस्थेत असून मानेत गाठ हाताला लागत नसतानाही ज्यांच्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, त्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तथापि पहिल्या गटातील अनेकांच्या ग्रंथींत रोग नव्हताच. अशांना ओळखता आले, तर त्यांची मानेची शस्त्रक्रिया व खांद्याचा त्रास टळू शकेल.

येथेच रेणवीय खुणांचा विचार येतो. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे कापावर सोडली असता ते प्रथिन तपकिरी रंगाने उठून दिसते. १९८३ मध्ये वर्णिलेले ‘केआय-६७’ हे प्रथिन विभाजन पावणाऱ्या पेशी दाखविते. ‘पी-५३’ हे प्रथिन सदोष पेशींची वाढ रोखते. त्याच्या जनुकात बिघाड झाल्यास ते बहुधा पेशीत साठते, परंतु काही बिघाडांत ते निर्माणच होत नाही. म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. गाल व हिरड्यांच्या कर्करोगातील जनुकीय बदलांची नोंद भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. घशाच्या कर्करोगात उपयुक्त ठरलेली ‘पी-१६’ ही खूण मात्र मुखपोकळीच्या कर्करोगात तितकी विश्वासार्ह नाही. ‘पीडी-एल१’ या प्रथिनाचे प्रमाण पाहून पुन्हा उद्भवलेल्या वा दूरवर पसरलेल्या रोगात प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध द्यावे काय, हे ठरविण्यास मदत होते.

अनेक खुणा एका रुग्णालयातील थोड्या रुग्णांत आशादायक वाटतात. परंतु अन्यत्र तोच निष्कर्ष येतोच असे नाही. रंगविण्याची पद्धत, मोजणीची सीमा व रुग्णांची निवड यांत फरक असतो. यास्तव अशा संशोधनाच्या मांडणीसाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशी करण्यात आल्या. एकाकी खुणेवर विसंबून शस्त्रक्रियेचा आवाका कमी करणे आज उचित नव्हे. महागड्या चाचणीपूर्वी तिच्या निकालाने उपचार बदलणार आहेत काय, हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावे.

रुग्णालय बदलताना तपासणीचे अहवाल, काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा सोबत न्यावा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडण्यास होणारा अडथळा अथवा मानेतील गाठ यांकडे दुर्लक्ष न करता त्वरित तपासणी करून घ्यावी. रोग लवकर हाती लागल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.