वाघासमोर फेटा

लहानपणी सर्कस पाहिलेल्या कुणालाही विचारा, वाघ-सिंहांचा रिंगमास्टर कसा दिसतो? उत्तर ठरलेलं: गुडघ्यापर्यंत बूट, चकाकणारी बटणं, हातात हंटर. हा थाट नख्यांपासून बचावासाठी असेल, असं आपण धरून चालतो. पण या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं मराठी नाव म्हणजे दामू धोत्रे. ते पिंजऱ्यात जायचे ते उघड्या अंगानं, डोक्याला फेटा बांधून!

धोत्रे मूळचे पुण्याचे, जन्म १९०२ चा. मामांच्या शेलार सर्कसमध्ये ते लहानपणीच शिरले. पुढे युरोप आणि १९४० मध्ये इथली प्रख्यात रिंगलिंग ब्रदर्स सर्कस. अल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकानं तयार केलेली जनावरं घेऊन ते खेळ करत. खांद्यावर बिबळ्या घेतलेले त्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यातही नोकरी केली.

मग उघडं अंग कशासाठी? खरं सांगायचं तर पिंजऱ्यातला पोशाख नेहमीच प्रेक्षकांसाठी असतो. एकोणिसाव्या शतकात आयझॅक व्हॅन अँबर्ग रोमन योद्ध्याच्या वेषात सिंहांपुढे उभा राहायचा. १८३९ मध्ये लंडनला त्याचा खेळ पाहायला राणी व्हिक्टोरिया अनेकदा गेली. शंभर वर्षांनी क्लाईड बीटीनं शिकारी साहेबाचा वेष घेतला: सोला हॅट, हंटर, कोऱ्या गोळ्यांचं पिस्तूल आणि हातात खुर्ची. यातली खुर्ची तेवढी खऱ्या उपयोगाची, कारण एकदम चार पाय समोर आले की सिंहाचं लक्ष विचलित होतं. मेबल स्टार्क ही वाघांची नामांकित शिक्षिका पांढरा चामड्याचा सूट घालायची. १९२८ मध्ये मेन राज्यात पावसानं निसरड्या झालेल्या रिंगणात तिचा पाय घसरला आणि वाघांनी तिला भयंकर जखमी केलं. वाघाच्या दातांपुढे चामडं ते काय टिकणार!

वाघाला आपल्याइतके रंगही दिसत नाहीत. तो टिपतो ती हालचाल. म्हणून शिक्षकाचं रक्षण करतं ते त्याचं भान: कुठे उभं राहायचं, किती अंतर ठेवायचं, आवाज केव्हा चढवायचा, कुठल्या जनावराचा आज मूड नाही. तेवढं असूनही धोका टळत नाही. २००३ मध्ये लास व्हेगासला रॉय हॉर्नवर, त्याच्या ओळखीच्या पांढऱ्या वाघानंच भर खेळात हल्ला केला.

धोत्र्यांचा फेटा हा अमेरिकन प्रेक्षकांच्या मनातला हिंदुस्थान होता, म्हणजे महाराजे, जंगल आणि वाघ. पुण्यात फेटा बांधून उघड्या अंगानं कोण हिंडतं? पण लोकांना जे पाहायचं होतं ते त्यांनी दाखवलं आणि त्या फेट्याखाली आपलं कसब शाबूत ठेवलं. आपल्याला हे नवीन नाही. इंटरव्ह्यूसाठी आपण टाय बांधतो, आणि शाळेच्या कार्यक्रमात "तुमच्या देशाचा पोशाख" म्हटलं की मुलांना जरीचा कुर्ता चढवतो. दोन्ही वेष समोरच्यासाठीच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्या वेषालाच आपण स्वतः समजू नये. अमेरिकेनं धोत्र्यांकडे वळून पाहिलं ते फेट्यामुळे. बिबळ्या खांद्यावर शांत बसला तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीमुळे.

आता तो जमाना संपत आला आहे. भारत सरकारनं १९९८ मध्ये सर्कशीतल्या वाघ-सिंहांच्या खेळांवर बंदी घातली. आपल्या कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये तसाच कायदा केला. रिंगलिंगचा तंबू २०१७ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये जनावरांशिवाय पुन्हा सुरू झाला. जनावरांच्या हालांचा विचार करता हे बरंच झालं. फ्रीमाँटहून जवळच्या ओकलंडच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन गेलात, तर वाघांची देखभाल करणारी माणसं साध्या गणवेशात दिसतील. ती वाघाच्या आणि आपल्यामध्ये कायम जाळी ठेवूनच काम करतात.

भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलेलं धोत्र्यांचं "वाघ सिंह माझे सखे-सोबती" हे पुस्तक कुणाच्या पेटीत असेल, तर जरूर बाहेर काढा आणि मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. पुण्याचा एक मुलगा अमेरिकेत कशाच्या जोरावर उभा राहिला, हे त्यांना आपल्या भाषेत कळू दे.