जुन्या इंजिनाचे सुटे भाग : दुकानात जाण्याआधी एवढे करा



विजेचे पंप आले तरी जुने डिझेल इंजिन अजून बऱ्याच विहिरींवर आहे. वीज गेली की त्याचीच आठवण होते. पण गहू ओंबीवर असताना नेमके तेच बंद पडते. मग घाईने तालुक्याला जायचे, दुकानदार देईल तो भाग आणायचा आणि तो बसला नाही की दुसऱ्या दिवशी परत एसटी धरायची. पैसे जातात ते जातातच, पण पाण्याची पाळी चुकते. ते नुकसान मोठे.

“भाग मिळतच नाही,” अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पुष्कळदा भाग मिळतो. कोणता हवा, हेच आपल्याला नेमके सांगता येत नाही.

पाटी वाचा. इंजिनावरच्या पाटीवर कंपनी, मॉडेल, हॉर्सपॉवर, फेरे आणि नंबर असतो. रंगाने बुजली असेल तर डिझेलच्या बोळ्याने पुसा आणि सगळे वहीत उतरवा. पाटी नसेल तर बांधा पाहा. दोन मोठी चाके, 6 हॉर्सपॉवर आणि मिनिटाला 650 फेरे असतील तर ते लिस्टर पद्धतीचे. हे इंजिन मूळ इंग्लंडचे, पण त्याच नमुन्याची इंजिने राजकोटच्या कारखान्यांनी पुष्कळ बनवली. त्याचे सिलिंडर साडेचार इंचांचे. लहान बांध्याच्या, 1500 फेऱ्यांच्या 5 हॉर्सपॉवर इंजिनात 80 मिलिमीटरचे सिलिंडर पुष्कळ आढळते. एकाचा पिस्टन दुसऱ्याला चालत नाही.

जुना भाग सोबत न्या. धुऊन, फडक्यात बांधून न्या. नवा बसून इंजिन चालेपर्यंत जुना भंगारात टाकू नका.

नंबर पाहा. बेअरिंगच्या कड्यावर नंबर असतो. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52 आणि रुंदी 15 मिलिमीटर. हा नंबर सांगितला की कोणत्याही चांगल्या कंपनीचे बेअरिंग चालते, इंजिनाची कंपनी बंद झाली असली तरी. ऑइल सील आणि पट्ट्याचेही तसेच.

रिबोअर झाले आहे का, आठवा. झाले असेल तर पिस्टन आणि रिंगा वाढीव मापाच्याच लागतात. साध्या मापाच्या घातल्या तर इंजिन धूर ओकते आणि तेल खाते.

सूत की मिलिमीटर? जुन्या इंजिनांचे बोल्ट बहुधा सुतांत असतात. चार सुती बोल्ट म्हणजे 12.7 मिलिमीटर. तिथे 12 मिलिमीटरचा बोल्ट ढिला बसतो, आटेही जुळत नाहीत. पान्याने जोर लावून आटे मारू नका.

जोडी फोडू नका. पंपाचा एलिमेंट आणि नोझलची सुई जोडीनेच घासून जुळवलेली असते. एकातली सुई दुसऱ्यात घातली की डिझेल गळते. घ्यायची तर पूर्ण जोडी घ्या.

गॅस्केटची जाडी जुळवा. हेडचे गॅस्केट जाड झाले तर दाब कमी पडून इंजिन सुरू व्हायला त्रास देते. फार पातळ झाले तर पिस्टन वर ठोकर मारू शकतो.

एवढे करूनही भाग मिळाला नाही तर भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचे इंजिन पाहा. दोघा-तिघांनी मिळून असे एक इंजिन घेतले तर त्याचे भाग सगळ्यांना उपयोगी पडतात. बुश किंवा पिन चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येते. नोझल आणि एलिमेंट मात्र तसे करून घेऊ नका. खरेदीची पावती घ्या आणि “बसला नाही तर परत घेणार ना?” हे आधीच विचारा.

शेवटचे सांगणे : रब्बीची पेरणी उरकली की एक नोझल, गॅस्केटचा संच, फिल्टर आणि पट्टा घरात आणून ठेवा. इंजिन बंद पडल्यावर पीक आपल्यासाठी थांबत नाही.