थ्री नॉट थ्री : हातातला भरवसा, खांद्यावरचं ओझं

पोलिस चौकीच्या दारात, कोषागाराच्या पायरीवर, निवडणुकीच्या बंदोबस्तात थ्री नॉट थ्री पाहिली नाही असा माणूस महाराष्ट्रात पन्नाशीच्या पुढे क्वचितच सापडेल. लाकडी दस्ता, नळीवर पार तोंडापर्यंत चढवलेलं लाकूड आणि उजव्या बाजूला बोल्टची गोल मूठ. काडतुसाचं माप ०.३०३ इंच, म्हणून हे नाव पडलं. सरकारी कागदांत ती ली-एनफिल्ड. शिपायाच्या खांद्यावरची ही सवयीची वस्तू दोन महायुद्धं लढून आलेली आहे. तिच्याबद्दल सैनिक एक बोलत आले आणि लेखक दुसरं. दोघांचं ऐकल्याशिवाय ही रायफल पुरती कळत नाही.

तिच्या नावातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म १८३१चा, स्कॉटलंडमधल्या हॉइकचा. बालपण कॅनडात आणि पुढची कारकीर्द अमेरिकेत. त्याने बसवलेला बोल्ट आणि चापाच्या पुढे खाली लावलेली काडतुसांची पेटी ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये स्वीकारली. तेव्हा ती ली-मेटफर्ड होती. मेटफर्डने नळीत पाडलेले उथळ आटे काळ्या दारूसाठी योग्य होते. कॉर्डाइट ही धूर न करणारी, अधिक तापणारी दारू वापरात आली तसे ते भराभर झिजू लागले. मग लंडनजवळच्या एनफिल्ड कारखान्याने खोल आटे पाडले आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड जन्माला आली.

तिची पहिली मोठी परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. १८९९ ते १९०२च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या हातात जर्मन बनावटीची माउझर होती. पाच काडतुसं एका पट्टीत लावून ते ती एका दमात भरत. ब्रिटिश सैनिक एकेक काडतूस बोटांनी सरकवत बसे. नेमबाजीतही बोअर सरस ठरले. या मारातून दोन गोष्टी निघाल्या : पट्टीने भरता येणारी आखूड रायफल आणि नेमबाजीचं कठोर शिक्षण. १९०७ साली या आखूड रायफलचा तिसरा नमुना आला. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा काडतुसं, पाच-पाचच्या दोन पट्ट्या. ‘शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून सैनिकांनी तिला ‘स्मेली’ म्हणायला सुरुवात केली.

तज्ज्ञांना ती फारशी पसंत नव्हती. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी मागे अडकतो. त्यामुळे ती रचना भक्कम आणि नेमाला अचूक. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे स्फोटाच्या दाबाखाली सगळी यंत्रणा किंचित लवते. आखूड नळीवरही टीका झाली. १९१३ मध्ये तिच्या जागी येणाऱ्या, माउझरच्या धर्तीवरच्या नव्या रायफलच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. १९१४ला युद्ध पेटलं नसतं, तर स्मेली बहुधा थोडक्या वर्षांत निवृत्त झाली असती.

पण तज्ज्ञांनी ज्याला उणीव मानलं, तेच चिखलातल्या माणसाच्या उपयोगी पडलं. मागे अडकणाऱ्या बोल्टला मागे-पुढे कमी अंतर जावं लागतं. त्याची मूठ वर उचलायची तीही थोडीशीच, आणि ती चापाजवळ असल्याने हात दूर न्यावा लागत नाही. सराव झालेला सैनिक रायफल खांद्यावरून न उतरवता, डोळा नेमावरून न हलवता एकामागून एक गोळ्या झाडू शकत असे. ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या ही शांततेच्या काळातली कसोटी होती आणि तरबेज हात तिच्या पलीकडे सहज जात. यामागे हाइथच्या नेमबाजी शाळेतल्या नॉर्मन मॅकमहॉन या अधिकाऱ्याचा ध्यास होता. मशीनगन वाढवून मिळत नाहीत, तर मग प्रत्येक सैनिकाचा हातच वेगवान करावा, असं त्याचं म्हणणं. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधल्या मॉन्स इथे त्याचीच पलटण कालव्याच्या पुलावर उभी होती. समोरच्या जर्मनांना हा रायफलींचा मारा मशीनगनचा वाटला, अशी गोष्ट ब्रिटिश पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. इतिहासकार ती जपून घेतात, कारण जर्मन बाजूचा पुरावा तुटपुंजा आहे. त्या हातांचं कसब मात्र खरंच होतं. ते फार काळ टिकलं नाही. वर्ष संपायच्या आत त्या जुन्या सैन्यातले बहुतेक जण मेले किंवा जायबंदी झाले. मॅकमहॉन नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्याच ईप्रजवळ पडला.

रायफलविषयी सैनिकाचं मत कशावर ठरतं, याचा धडा कॅनडाच्या सैन्याने दिला. त्यांच्याकडे सर चार्ल्स रॉस यांची रायफल होती. स्वच्छ मैदानावर ती अतिशय अचूक आणि दूरच्या नेमाची शर्थ करणारे निवडक सैनिक ती पुढेही आवडीने वापरत राहिले. पण एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत, विषारी वायूच्या पहिल्या हल्ल्याच्या दिवसांत, भराभर झाडताना तिचा बोल्ट अडकू लागला. माणसं बुटाच्या टाचेने, फावड्याने बोल्ट ठोकत होती. त्या लढाईतून वाचलेल्यांपैकी चौदाशेहून अधिक जणांनी रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या होत्या. त्यांनी कोणाची परवानगी घेतली नाही. वरिष्ठांनी हुकूम बदलायला १९१६ उजाडलं.

हा भरवसा आयता मिळत नव्हता, रोज कमवावा लागे. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण आणि त्यामागे एक पोकळी. तिच्यात तेलाची छोटी बाटली आणि ‘पुल-थ्रू’ नावाची दोरी. दोरीला चिंधी बांधायची, वजनाचं टोक नळीतून सोडायचं आणि ओढून काढायचं. खंदकात माणूस आठवडेच्या आठवडे अंघोळीवाचून राही, पण रायफलची तपासणी चुकत नसे. बोल्टभोवती कापडी आवरण किंवा चिंध्या गुंडाळून चिखल बाहेर ठेवायचा. झोपताना ती कुशीत, जेवताना हाताशी. तिचा क्रमांक सैनिकाला पाठ असे. तिच्या लाकडावरचा ओरखडा त्याला अंधारात बोटांनी कळे.

हिंदी शिपायाच्या बाबतीत या भरवशाला आणखी एक बाजू होती. १८५७ नंतर ब्रिटिश राज्यकर्त्यांनी हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं शस्त्र देण्याची रीत पाडली होती. तोफाही, डोंगरी तोफखान्याचा अपवाद वगळता, त्यांच्या हातून काढल्या. सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली तेव्हा जुन्या रायफली जमा करून त्यांना नव्या स्मेली दिल्या गेल्या. सरावाला पुरेसा वेळ मिळाला नाही. ऑक्टोबर संपायच्या आत ते ईप्रच्या आघाडीवर होते. साम्राज्याने शिपायावर विश्वास टाकला, तो त्याच्या मरणाची गरज पडली तेव्हा. हे कटू आहे आणि स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मराठी मुलखातली माणसं मोठ्या संख्येने गेली ती मेसोपोटेमियात. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपाशीपोटी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सगळी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ०.३०३ची काडतुसं तयार होत. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत संगमरवराची पाटी दिसते : या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. नावं नाहीत, आकडे तेवढे आहेत. त्या माणसांना आपल्या रायफलविषयी काय वाटलं, हे त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत फारसं पोचलं नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, आणि जी पत्रं लिहून घेतली गेली ती सेन्सॉरच्या नजरेखालून गेली. ही पोकळी मुल्कराज आनंद यांनी ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या कादंबरीत भरायचा प्रयत्न केला. मार्सेयला उतरलेल्या पंजाबी शिपायांची ती कहाणी आहे. मेसोपोटेमियातल्या मराठा शिपायाची तशी कादंबरी मराठीत लिहिली जायला हवी होती, ही हळहळ मनातून जात नाही.

लेखकांपैकी ज्यांनी ही रायफल स्वतः वाहिली, त्यांनी तिला ना देवता केलं, ना राक्षस. वेल्श चित्रकार-कवी डेव्हिड जोन्स साधा सैनिक होता. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मामेत्झच्या रानात त्याच्या पायाला गोळी लागली. १९३७ साली आलेल्या ‘इन पॅरेन्थिसिस’ या त्याच्या ग्रंथाचा नायक तसाच जखमी होऊन रानातून सरपटतो. रायफल फरफटत नेणं त्याला जड होतं आणि टाकून देणं त्याहून जड. तिला जपायचं हे शिक्षकांनी त्याच्या हाडात मुरवलेलं असतं. अखेर तो ती एका ओक वृक्षाखाली ठेवतो. जोन्सने त्या क्षणाला दिलेला वेळ पाहिला की कळतं, सैनिक आणि शस्त्र यांच्यातलं नातं तोडणं किती अवघड असतं.

हेन्री रीडने दुसऱ्या महायुद्धात उलट टोक पकडलं. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘नेमिंग ऑफ पार्ट्स’ या कवितेत कवायतीच्या मैदानावर रायफलच्या भागांची नावं शिकवली जात आहेत आणि नवशिक्या सैनिकाचं मन शेजारच्या बागेतल्या वसंतात गुंतलं आहे. यंत्राचा क्रम आणि फुलांचा क्रम एकमेकांत मिसळतात. जोन्सला रायफल हातातून सुटत नाही, रीडला ती हातात घेववत नाही. जॉर्ज ऑर्वेलने स्पेनच्या यादवी युद्धाविषयी लिहिताना तिसरंच सत्य नोंदवलं. त्याला मिळालेली माउझर १८९६ची, म्हणजे चाळीस वर्षं जुनी होती. माणसाला लढायला पाठवताना हातात काय दिलं जातं, यावरून त्याच्या जिवाची किंमत कळते.

ऑर्वेलचा हा मुद्दा आपल्या घरापर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४१ पासून ली-एनफिल्डचा चौथा नमुना मोठ्या प्रमाणावर काढला. बंगालमधला इशापूरचा कारखाना मात्र १९०७चाच नमुना बनवत राहिला. लढाई बदलली होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, तेव्हा त्यांच्या हातात टॉमी गन होती. गोळ्या संपल्यावर तिची नळी धरून ते दस्त्याने लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळून होणाऱ्या लढाईत बोल्ट ओढायला वेळ नसतो, हे तेव्हाच उघड झालं होतं.

तरीही १९६२च्या चीनबरोबरच्या युद्धात आपले जवान हिमालयात थ्री नॉट थ्री घेऊनच उभे राहिले. समोर अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली होत्या. पुढे लष्कराने ती बदलली. पोलिसांनी बराच काळ बदलली नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ चालवत असताना तिथल्या शिपायांकडे लाठ्या आणि थ्री नॉट थ्री होत्या. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. त्या क्षणी शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या शस्त्राने त्याला जेवढी साथ देता येत होती, तेवढी दिली.

या रायफलविषयी आदर बाळगायला भरपूर कारणं आहेत. तिची कीर्ती हाइथच्या सरावाने, खंदकातल्या चिंधीने आणि मार्सेयला अचानक हाती आलेलं शस्त्र काही आठवड्यांत आपलंसं करणाऱ्या शिपायांनी घडवली. म्हणून तो आदर मुळात त्या माणसांचा आहे. सैनिक जुन्या शस्त्रावर जीव लावतो, कारण त्याच्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. राज्यकर्त्यांनी या मायेला पुरेशा तयारीचा पुरावा मानू नये. चांगली माणसं अपुऱ्या साधनांनिशीही उभी राहतात, हे मॉन्सने, कुतने आणि मुंबईने दाखवून दिलं आहे. त्यांच्यावर तशी वेळ पुन्हा येऊ न देणं ही आपली जबाबदारी आहे.