स्कोअरबुकातले टिंब

इंग्लंडच्या मैदानावर एखादा चेंडू फलंदाजाला पुरता चकवून गेला की खेळाडूंच्या तोंडी शब्द येतो, 'जाफा'. जाफा हे भूमध्य समुद्राकाठचे जुने बंदर. तिकडची जाड सालीची गोड संत्री विलायतेच्या बाजारात याच नावाने खपत. अशा चेंडूला 'पीच' असेही म्हणतात. म्हणजे दोन्ही फळेच! आपणही मागे नाही. हिरडा, बेहडा, आवळा ही त्रिफळा वैद्यांची. पण यष्ट्या कोसळल्या की मराठी समालोचकही फलंदाजाचा 'त्रिफळा' उडवतो. असो.

जाफा म्हणजे बळी घेणारा चेंडू, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. साधा हिशेब पाहा. नियमाप्रमाणे बॅट फार तर सव्वाचार इंच रुंद. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन इंचही नाहीत. चेंडूची त्रिज्या दीड इंचाच्या आतच. फलंदाजाने अचूक रेषेत बॅट आणली आणि टप्प्यानंतर चेंडू दोन-अडीच इंच बाहेर गेला, तर कड लागते व झेल उडतो. तोच चार इंच गेला तर कशालाच लागत नाही! करामत थोरली, पदरात मात्र काही नाही. स्कोअरबुकात पडते एक टिंब. फलंदाजाने हात वर करून सोडून दिलेल्या भिकार चेंडूलाही तेच टिंब. त्यातून गंमत अशी की, कसलेला फलंदाज अशा चेंडूच्या जवळ पोचतो म्हणून कड देऊन बसतो. नवशिका हातभर चुकतो आणि खेळत राहतो. गोलंदाजाने दाद मागावी कोणाकडे? 'जाफा' ही तेवढी त्याची पावती.

क्वचित पावतीबरोबर बळीही मिळतो. ४ जून १९९३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नने अ‍ॅशेस सामन्यांतला आपला पहिलाच चेंडू माईक गॅटिंगला टाकला. लेगस्पिन तो. हवेतच तो लेगकडे सरकला, लेगस्टंपच्या बाहेर पडला आणि असा काही वळला की गॅटिंगचे पॅड व बॅट ओलांडून ऑफस्टंपच्या माथ्याला लागला. फिरकी खेळण्यात मुरलेला गॅटिंग खेळपट्टीकडे पाहतच राहिला. पुढे लोकांनी त्याला 'शतकातला चेंडू' म्हटले. स्कोअरबुकात नोंद एवढीच : गॅटिंग, त्रिफळा वॉर्न, ४.