मोबाईलमधलं कॅलेंडर धंद्याला कसं लावायचं? जीएसटीपासून मंडईपर्यंत



दुकानाच्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. १९७३ पासून ते मराठी घरात आहे. त्यात तिथी दिसते, सण दिसतो, दुधाचा हिशोबही लिहिता येतो. पण ते वेळेवर आवाज देत नाही. तुम्ही माल आणायला गोंदियाला गेलात, तर कॅलेंडर देवरीच्या दुकानातच राहतं. म्हणून भिंतीवरचं राहू द्या, पण धंद्याच्या तारखा मोबाईलमध्येही टाका.

ॲप कोणतं घ्यायचं?

अँड्रॉइडवर गुगल कॅलेंडर फुकट मिळतं. सॅमसंग आणि आयफोनमध्ये कंपनीचं स्वतःचं असतं, तेही चालेल. ॲपपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तारीख सेव्ह कुठे होते. नवीन नोंद करताना ‘फोन’ आणि ‘जीमेल’ असे दोन पर्याय दिसले, तर जीमेल निवडा. फोनमध्येच ठेवलेली तारीख फोन हरवला की गेली. जीमेलवरची तारीख नवीन फोनमध्ये लॉगिन केलं की परत येते. आणि सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली तरी काळजी नको. फोनमध्ये आधी आलेली नोंद नेट नसतानाही वाजते.

तारखा चार प्रकारच्या

खरी गंमत ‘रिपीट’च्या सेटिंगमध्ये आहे. सगळ्या तारखांना एकच रिपीट लावून चालत नाही.

१. तारीख पक्की: दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख. इथे ‘दर महिन्याला’ निवडा. उशीर झाला तर ३बी वर साधारण रोज ५० रुपये लेट फी लागते, आणि व्यवहार शून्य असला तरी रोज २० रुपये. तीन महिन्यांनी भरणाऱ्यांच्या तारखा वेगळ्या असतात, त्या आपल्या सीएंना विचारून टाका.

२. वार पक्का: आठवडी बाजार. ‘दर आठवड्याला’ निवडा. चार गावांचे बाजार करत असाल तर चार नोंदी.

३. तिथी पक्की: इथेच जास्त लोक फसतात. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो. भाऊबीज २०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला. कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेची. ती पौर्णिमा २०२५ मध्ये १२ फेब्रुवारीला आली, २०२६ मध्ये १ फेब्रुवारीला. ‘दर वर्षी’ लावलंत तर मोबाईल चुकीच्या दिवशी वाजेल आणि माल दुकानातच पडून राहील. म्हणून नवीन कालनिर्णय घरी आलं की त्यातून बघून या तारखा दरवर्षी नव्याने टाका. गावोगावची मंडई कोणत्या दिवशी, हे कोणतंच ॲप सांगत नाही. ते गावात विचारूनच लिहावं लागतं.

४. एकदाच येणारी: उधारीचा वायदा, चेकची तारीख, लायसन्सची मुदत. गिऱ्हाईक “धान विकला की देतो” म्हणालं, तर तिथेच तारीख विचारा आणि त्याच्यासमोर नोंद करा. रक्कमही लिहा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, हे लक्षात ठेवा.

आठवण कधी वाजली पाहिजे?

शेवटच्या दिवशी नाही! २० तारखेला सकाळी आठवण आली, तर बिलं कधी गोळा करणार? एका नोंदीला दोन नोटिफिकेशन लावा: एक पाच दिवस आधी, एक आदल्या दिवशी. मंडईसाठी पंधरा दिवस आधी, म्हणजे माल मागवायला वेळ मिळतो. वेळ अशी निवडा जेव्हा दुकानात गर्दी नसते.

वाजत नसेल तर

सेटिंगमध्ये जाऊन कॅलेंडरला नोटिफिकेशनची परवानगी आहे का ते बघा. मग बॅटरी सेव्हर तपासा, काही फोनमध्ये तो ॲपला झोपवून टाकतो. खात्री करायला दहा मिनिटांनंतरची एक नोंद टाका आणि फोन बाजूला ठेवा. वाजली, तर काम झालं.

सगळ्या तारखा एका दिवसात टाकायला बसू नका, कंटाळा येतो. आज फक्त पुढची जीएसटीची तारीख आणि सगळ्यात मोठी उधारी, एवढ्या दोनच नोंदी करा. बाकीच्या रोज दोन-दोन. काही अडलं तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये विचारा, फोनचं मॉडेल नक्की लिहा.