दोन-तीन चौकोनांत मावलेला नौपाडा

ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागे एका सोसायटीत शेवगा होता. त्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं रुपयाएवढं, कंपासनं आखल्यासारखं गोल भोक. मार्चभर त्यातून लाल कपाळाचा तांबट पक्षी डोकावायचा. मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी झाली आणि फांदी गेली. तांबट ढोली स्वतः कोरतो, पण त्याची चोच काही सुताराची नव्हे. त्याला मऊ, मेलेलंच लाकूड लागतं.

आता हाच तांबट संगणकाच्या नजरेनं बघा. हवामान बदलल्यावर कोणता जीव कुठे टिकेल, याचा अंदाज बांधायची रीत ऐकायला सोपी आहे. तो आजवर जिथे दिसला तिथले अक्षांश-रेखांश घ्यायचे, तिथलं तापमान, पाऊस, कोरडे महिने ताडायचे आणि त्याला काय मानवतं ते यंत्राला हुडकू द्यायचं. मग २०५० सालचं संभाव्य हवामान पुढ्यात टाकून विचारायचं, आता कुठे? २००६ साली मांडलेली ‘मॅक्सएन्ट’ पद्धत यात फार वापरली जाते. जीव कुठे नाही याच्या नोंदी तिला लागत नाहीत, कुठे दिसला एवढं पुरतं. गोम तिथेच आहे. माणसं जातात तिथल्याच नोंदी होतात. रविवारी येऊरला दुर्बिणी लोटतात, आडबाजूची टेकडी कोरी राहते. कोरी म्हणजे रिकामी नव्हे.

शिवाय ‘वर्ल्डक्लिम’सारख्या हवामान-नकाशांचा सर्वांत बारीक चौकोनही साधारण एक किलोमीटरचा. स्टेशन ते तीन हात नाका, अख्खा नौपाडा अशा दोन-तीन चौकोनांत आटोपतो. त्यात वाळकी फांदी कुठून दिसणार? नकाशा एवढंच सांगतो की इथली हवा तांबटाला सोसेल.

खाडीकडे हा पेच आणखी मोठा होतो. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ. तिथल्या तिवराचं बी झाडावरच अंकुरतं आणि भरतीवर तरंगत नवी जागा गाठतं. समुद्र चढला तर तिवरांनी जमिनीकडे सरकावं, हे ओघानं आलंच. पण जमिनीकडे रस्ते आहेत, भराव आहेत, इमारतींच्या भिंती आहेत. हवामानाच्या नकाशात भिंत नसते. ती कुणीतरी वेगळी भरावी लागते, आणि पुढच्या वीस वर्षांत कुठे उठेल हे तर बिल्डरलाच ठाऊक.

शेवग्याच्या खुंटाला आता धुमारे फुटलेत, चांगले हातभर. तांबटाच्या कामाचे व्हायला त्यांना आधी वाढावं लागेल, मग मरावं लागेल.